अक्षराचे चित्र करू नका

मराठीत एका टिंबाला किती वजन असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘त्याचा’ म्हटले की तो कोणीतरी एक. वर टिंब पडले की ‘त्यांचा’ होतो आणि तोच माणूस अहोजाहोच्या पंक्तीला बसतो. ‘मास’ म्हणजे महिना, ‘मांस’ म्हणजे भलतेच काही. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत फरक एवढाच की, र रफार होऊन डोक्यावर बसला की अर्धा होऊन पुढच्या य ला टेकला. पण एका बोलावण्याला विद्वान येतील आणि दुसऱ्याला स्वयंपाकी. इतक्या बारीक खुणांवर अर्थ तोलणारी लिपी आपण रोज फोनच्या पडद्यावर वाचतो. ती तिथे नीट पोचते की नाही, हे बहुतांशी दोन कामांवर ठरते. एक, पानासाठी फॉन्ट कोणता निवडला. दोन, पानावरची चित्रे कशी तयार केली. ही कामे बहुधा दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि वेगळीच मानली जातात. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच निर्णय आहे: वाचायचे काय आणि पाहायचे काय, हे आधी ठरवणे. वाचायचे ते अक्षर म्हणूनच पानावर जावे, पाहायचे ते चित्र म्हणून. मराठी वेबपानांचे सर्वांत मोठे नुकसान या दोहोंची सरमिसळ झाल्याने होते. ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचे वेळापत्रक, संमेलनाची कार्यक्रमपत्रिका, पुस्तकाची जाहिरात, श्रद्धांजलीचा मजकूर, सगळे चित्र करून लावले जाते. पानावर मराठी दिसते, पण एक शब्दही खऱ्या अर्थाने तिथे नसतो.

ही सवय आळसातून आलेली नाही, आणि तिला कारण होते. संगणकावर मराठी उमटू लागली तेव्हा बहुतेक फॉन्ट एका तडजोडीवर चालत. संगणक आत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवी, आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर देवनागरीची रूपे चढवी. ज्याच्या यंत्रात तोच फॉन्ट असे त्याला मराठी दिसे. ज्याच्याकडे नसे त्याला रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा चुरा होई. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सामायिक सांकेतिक पद्धत भारतीय मानक म्हणून १९९१मध्ये आली. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे नियम होता, पण घरोघरच्या यंत्रांपर्यंत तो पोचायला वेळ लागला. विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला होता. सुलेखनकार, कवी, जाहिरातक्षेत्रातले जाणकार आणि पवईच्या आयआयटीत शिकवणारे प्राध्यापक अशी त्यांची ओळख. त्या फॉन्टवर सौंदर्याच्या अंगाने कितीही टीका झाली, तरी सामान्य मराठी माणसाच्या संगणकात देवनागरी दिसू लागली ती त्याच्यामुळे. पुढे स्मार्टफोन आले आणि इतिहास पुन्हा घडला: अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळतच नसे, वेलांट्या आणि जोडाक्षरे सुटी पडत किंवा नुसते चौकोन दिसत. अशा काळात ज्याला आपला मजकूर शाबूत पोचवायचा होता त्याने त्याचे चित्र केले, हे समजण्यासारखे आहे. अडचण एवढीच की तो काळ संपला आणि सवय राहिली.

आज युनिकोडमधला मजकूर कसा चालतो ते एकदा जवळून पाहावे, म्हणजे चित्र करताना आपण काय गमावतो ते कळेल. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्याला एकच अक्षर वाटतो. संगणकात तो सहा खुणांचा असतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी. ही अक्षरे कशी गुंफायची, कोणाला अर्धे करायचे, र ला त च्या पोटात कसा ओढायचा, हे फॉन्टमध्ये लिहिलेल्या नियमांवरून ब्राउझर त्या क्षणी ठरवतो. ‘कि’ लिहिताना आपण क आधी आणि वेलांटी नंतर टंकतो, साठवणही त्याच क्रमाने होते. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी येऊन उभी राहते. पूर्वी छापखान्यातला जुळारी खिळ्यांच्या केसमधून जे काम हाताने करी, ते आता ओळ दिसण्याआधी यंत्र करते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की शब्द आणि शब्दाचे रूप ही दोन्ही वेगळी राहतात. रूप बदलता येते, मोठे करता येते, रंग पालटता येतो; शब्द तोच राहतो. म्हणून तो शोधता येतो, उतरवून घेता येतो, दुसऱ्या भाषेत नेता येतो आणि दृष्टिहीन वाचकाचे यंत्र तो मोठ्याने वाचून दाखवू शकते. चित्र केले की हे सगळे एका झटक्यात संपते. उरतात ते रंगीत ठिपके. पीकविम्याची अंतिम तारीख शोधणाऱ्याला ती तारीख असलेली सूचना सापडत नाही. ती पानावर लावलेली असते, पण तिच्यात ‘पीकविमा’ हा शब्दच नसतो.

आकारमानाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. युनिकोडच्या सर्वाधिक चालणाऱ्या साठवणपद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. चाळीस शब्दांची एखादी सूचना धरली, शब्दामागे सहा खुणा धरल्या, तर मजकूर होतो सुमारे पाऊण किलोबाइट. तीच सूचना फुलापानांच्या चौकटीत बसवून चित्र केली की दोनशे किलोबाइट सहज होतात. अडीचशे पट ओझे, आणि पदरात काय? कमी. पोस्टर बहुधा ए-फोर कागद डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असते. त्या कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, फोनच्या पडद्याची साधारण ६८. म्हणजे पोस्टर आकसून तिसऱ्या हिश्शाएवढे होते आणि कागदावर बारा पॉइंटचे असलेले अक्षर फोनवर जेमतेम चार पॉइंटचे होते. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीही याहून मोठ्या अक्षरात असतात. मग वाचक दोन बोटांनी चित्र ताणतो, ओळीचा शेवट गाठायला उजवीकडे सरकतो, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे येतो. खरा मजकूर असता तर ओळी पडद्याच्या रुंदीत आपोआप मोडल्या असत्या.

चित्राचा प्रकार चुकला की आणखी एक घात होतो. फोटोंसाठी सर्रास वापरला जाणारा जेपेग हा प्रकार चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीकसारीक बदल थोडे थोडे टाकून जागा वाचवतो. आभाळ, कातडी, शेत, भिंत यांवर रंग हळूहळू बदलत जातो, म्हणून तिथे हे टाकणे डोळ्याला जाणवत नाही. अक्षर मात्र सगळेच कडांचे बनलेले असते: इथे काळे, लगेच पलीकडे पांढरे. अशा जागी जेपेगला बचत तर साधत नाहीच, उलट कडेभोवती करडी धूळ उडते. शिरोरेषेच्या वर तीन-चार ठिपक्यांत मावणारा अनुस्वार त्या धुळीत मिसळून जातो. तेच चित्र व्हॉट्सॲपवरून पुढे गेले की पुन्हा दाबले जाते, तिथून उतरवून कोणी पानावर चढवले की आणखी एकदा. चौथ्या हाती पोचेपर्यंत ‘त्यांचा’मधले टिंब आहे की नाही हे वाचकाने संदर्भाने ओळखायचे. म्हणजे अक्षरासाठी चित्र हे जड वाहन तर आहेच, पण माल सांडणारेही आहे.

आता फॉन्टकडे वळू. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवायचा तर तो चांगला दिसलाही पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कापलेल्या अक्षरांनी मराठी वाचकाच्या डोळ्याला जे वळण लावले, ते सहजासहजी पुसले जाणार नाही. सुदैवाने आज निवडीला वाव आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, गूगलचा नोटो, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि त्याच्याच आधारावर मुंबईच्या आयआयटीत वाढवलेला शोभिका, हे सगळे विनामूल्य आणि खुल्या परवान्याचे आहेत. कोणाची चोरी करावी लागत नाही. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी घडवलेल्या टंकातून आला आहे, आणि त्याची हिंदी, मराठी व संस्कृत अशी तीन वेगळी रूपे आहेत.

तीन का, याचे उत्तर प्रत्येक मराठी संपादकाने लक्षात ठेवावे असे आहे. मराठीतला ल दोन पाकळ्या जुळल्यासारखा असतो. हिंदीत रुळलेल्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. श चेही तसेच. आपला देठयुक्त, तर दुसरा शेंडीफोड्या. नोव्हेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असे सांगितले. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल ना क्रमांक एकच आहे, कारण भाषा बदलली तरी अक्षर तेच. रूप निवडायचे काम फॉन्टचे, आणि फॉन्टला भाषा कोणती ते कोणीतरी सांगावे लागते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श आतच दडलेले असतात. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच ‘लँग’ या गुणधर्मापुढे मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरी खूण लिहिली की ते बाहेर येतात. ती खूण नसेल, किंवा आयत्या साच्यातून इंग्रजीची खूण तशीच राहिली असेल, तर वाचकाला हिंदी वळणाचा ल दिसतो आणि दोष फॉन्टच्या माथी मारला जातो. ही एक खूण आणखी कामे करते. मोठ्याने वाचणारे यंत्र मराठी उच्चार निवडते ते तिच्यावरूनच. देवनागरीत लिहिलेल्या कोकणीच्या पानावरही तिची स्वतःची खूण असायला हवी. मराठीची चालवून घेऊ नये.

फॉन्ट पसंत करताना त्याच्या नमुन्यादाखल दिलेले सुंदर वाक्य पाहून भुलू नये. त्याला कठीण शब्द घालून पाहावेत: दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, उद्ध्वस्त, तज्ज्ञ, शृंगार, हृदय, चिन्ह, कोल्हापूर, राष्ट्र, ॲटलस, ऑगस्ट. यातला ‘दऱ्या’ हा खास मराठीचा परीक्षक आहे. हिंदीला हा अर्धा र लागत नाही, म्हणून मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये तो हमखास घसरतो आणि दऱ्याखोऱ्यांचा दर्या होतो. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांकच २००८मध्ये मिळाला, त्याआधीचे फॉन्ट तिथे रिकामा चौकोन दाखवतात किंवा चंद्र अधांतरी ठेवतात. ‘रु’ आणि ‘रू’ लहान आकारात वेगळे ओळखू येतात का, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत होत नाही ना, ‘ख’चा ‘रव’ वाचला जात नाही ना, हे फोनवर, उन्हात, हात लांब धरून पाहावे. मथळ्याला शोभणारा जाडजूड फॉन्ट मजकुराला लावला की जोडाक्षरांच्या पोटातली पोकळी बुजते आणि परिच्छेद काळाकुट्ट दिसतो.

निवड चांगली झाली तरी मांडणी रोमनच्या सवयीने केली तर ती वाया जाते, आणि माझ्या मते मराठी पाने कुरूप दिसण्याचे हे फॉन्टहूनही मोठे कारण आहे. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये थोडे अंतर सोडले की ऐटदार दिसते. तेच देवनागरीवर केले की शिरोरेषा तुटते. ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द न राहता चार तुकडे होतात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला प्रत्येक फटीपाशी ठेच लागते. देवनागरीत अक्षरांमधले अंतर शून्यच ठेवावे. ओळींमधल्या अंतराचे उलटे आहे. आपली ओळ तीन मजली आहे: वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार आणि खाली लोंबणारी जोडाक्षरे. इंग्रजीला अक्षराच्या दीडपट ओळउंची पुरते. तेवढ्यात मराठी बसवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. पावणेदोन पट उंची ठेवली तर वाचन मोकळे होते. आकाराचेही तसेच: तीन मजले एकाच उंचीत मावतात म्हणून मधले अक्षर शेजारच्या रोमनपेक्षा लहान दिसते, तेव्हा इंग्रजीला सोळा पिक्सेल तर मराठीला अठरा द्यावेत. तिरप्या अक्षरांची आपल्याकडे परंपरा नाही. ब्राउझर सरळ अक्षर ओढून तिरके करतो आणि ते पडल्यासारखे दिसते. भर द्यायचा तर ठसा जाड करावा. आणि दुव्याखालची रेघ उकारांना कापत असेल तर ती थोडी खाली सरकवावी किंवा रंगाने काम भागवावे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान साडेचारास एक असावा, असा वेबच्या सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे लावणाऱ्यांनी तो एकदा मोजून पाहावा.

यावर एक खरा आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. चित्रे जड म्हणता, मग फॉन्ट काय हलके असतात? रोमनला सव्वीस अक्षरांचे दोन संच, अंक आणि चिन्हे पुरतात. देवनागरीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरे धरून शेकडो रूपे असतात, म्हणून त्याची फाइल रोमनच्या कित्येक पट होते. हे बरोबर आहे. पण फॉन्ट एकदा उतरला की ब्राउझर तो साठवून ठेवतो आणि त्या संकेतस्थळाचे पुढचे प्रत्येक पान त्याच्यावरच चालते. पोस्टर मात्र दर वेळी नवे. शिवाय वॉफ-टू नावाचा आकुंचित प्रकार २०१८पासून वेबचे अधिकृत मानक आहे, आणि साध्या फाइलऐवजी तो दिला की वजन बरेच उतरते. एका पानाला साधा आणि जाड असे दोन ठसे पुरतात. नऊ ठसे मागवणाऱ्याने वाचकाच्या डेटाचा विचार केलेला नसतो. फॉन्ट पोचेपर्यंत ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत जागा कोरी ठेवू शकतो; तसे न करता फोनमधलीच देवनागरी आधी दाखव आणि नंतर बदल, अशी सूचना एका ओळीत देता येते, ती जरूर द्यावी. वजन कमी करण्याच्या नादात फॉन्टमधली ‘न लागणारी’ अक्षरे छाटण्याची एक युक्ती सांगितली जाते. रोमनपुरती ती निर्धोक आहे. देवनागरीत जोडाक्षरांच्या रूपांना स्वतःचे क्रमांक नसतात, त्यामुळे निष्काळजी छाटणीत नेमकी तीच जातात आणि ‘क्त’च्या जागी पायमोडका क् आणि शेजारी त उरतो. एवढी खटपट नको असेल, तर बाहेरचा फॉन्ट न लावता वाचकाच्या फोनमधल्या देवनागरीवर पान सोडून द्यावे. देखणेपण थोडे कमी होईल, पण ते पान अक्षरांच्या चित्राहून शंभर पटींनी चांगले.

चित्रांचा मी विरोधक नाही, उलट चित्राला चित्राचे काम मिळावे असे म्हणतो. दुष्काळी तळ्याची भेगाळलेली जमीन, पैठणीचा पदर, जुन्या नाटकाचा प्रसंग, हे शब्दांनी सांगून पुरत नाही. पण फोनमधून निघालेला फोटो जसाच्या तसा पानावर चढवणे म्हणजे वाचकाच्या दारात पोत्याने धान्य ओतणे. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच असतो, वजन तीन-चार मेगाबाइट. त्याच्या रुंदीचे हजार-बाराशेच ठिपके फोनच्या पडद्यावर मावतात. उरलेले उतरवले जातात आणि टाकून दिले जातात. फोटो आधी छाटावा, म्हणजे विषय मधोमध येईल. मग रुंदी बाराशे ते सोळाशे ठिपक्यांवर आणावी. मग जेपेगचा दर्जा शंभरापैकी ऐंशीच्या आसपास ठेवून साठवावा. दोनशे किलोबाइटच्या आगेमागे काम होते आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलने २०१०मध्ये आणलेला वेबपी हा प्रकार आणखी हलका पडतो आणि २०२०पासून ॲपलच्या सफारीतही चालतो. नकाशे, आलेख, बोधचिन्हे यांना मात्र जेपेग लावू नये; ती रेघांची कामे आहेत, त्यांना एसव्हीजी द्यावा, ज्यात ठिपक्यांऐवजी रेघांची मापेच साठतात आणि कितीही मोठे केले तरी कड फाटत नाही. मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण जेपेग पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा झिजतो. फोटोत बहुधा तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. शाळेच्या किंवा घरच्या कार्यक्रमाचा फोटो असेल तर ते आधी काढून टाकावेत. चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहून ठेवली की चित्र उशिरा आले तरी मजकूर खाली उडी मारत नाही. आणि प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट’ मजकूर द्यावा. ‘फोटो १’ असा नव्हे, तर ‘दिवे घाट चढणारी पालखी आणि मागे वारकऱ्यांची रांग’ असा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही घाट कळेल.

काही जण म्हणतील, सुलेखनाचे काय? हाताने रेखलेल्या शीर्षकात जो जीव असतो तो कोणत्याही फॉन्टमध्ये येणार नाही. मान्य. दिवाळी अंकाचे नाव, नाटकाचे शीर्षक, संस्थेची मुद्रा ही अक्षरे असली तरी पाहण्यासाठीच असतात, आणि सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही बोधचिन्हांतल्या अक्षरांना सूट आहे. ती एसव्हीजीत रेखावीत, ऑल्टमध्ये तेच शब्द लिहावेत, आणि त्याखालचा मजकूर अक्षरांत द्यावा. कवितेचे लोक मात्र वेगळी भीती बोलून दाखवतात: मजकूर उघडा ठेवला तर कोणीही उचलून नेतो आणि खाली स्वतःचे नाव घालतो. दुखणे खरे आहे, औषध चुकीचे. चोरणाऱ्याला चित्र अडवत नाही. तो चित्रच पुढे पाठवतो, किंवा नाव असलेली पट्टी छाटून पाठवतो. अडतो तो प्रामाणिक वाचक, ज्याला त्या कवितेतला एक शब्द आठवतो आणि कवीचे नाव शोधायचे असते. उघड्या मजकुराला तारीख असते, पत्ता असतो, आणि मूळ कोणाचे हे शोधून दाखवता येते.

आता फोनच चित्रातली अक्षरे वाचू लागले आहेत, मग एवढी चिंता कशाला, असेही विचारले जाते. यंत्राने चित्रातून मराठी ओळखणे खरोखर सुधारले आहे, जुने ग्रंथ वाचनीय करायला ते वरदानच आहे. पण ओळखणे म्हणजे शेवटी अंदाज. स्वच्छ छपाईवर तो चांगला बसतो. फुलांच्या चौकटीत, रंगीत पार्श्वभूमीवर, जेपेगच्या धुळीत अनुस्वार आणि अर्धा र यांवरच तो आधी चुकतो. आणि शब्द आपल्याच हाताशी टंकलेले असताना ते पुसून टाकायचे आणि लाखो वाचकांच्या यंत्रांनी ते पुन्हा ताडायचे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो? सही-शिक्क्याच्या आदेशांची गोष्ट थोडी निराळी. तिथे कागदाची प्रतिमा पुरावा म्हणून हवीच. मग ती राहू द्यावी आणि शेजारी तोच आदेश मजकूर म्हणूनही द्यावा. आदेश टंकलेलाच असतो, छापून पुन्हा स्कॅन करण्याआधी. सरकारी संकेतस्थळांसाठी भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९पासून आहेत, २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि दिव्यांग नागरिकांना माहिती वाचता येईल अशा रूपात मिळावी हा २०१६च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. स्कॅन केलेला मराठी आदेश हा हक्क पुरा करत नाही.

ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेचे, शाळेचे, मंडळाचे किंवा कार्यालयाचे पान आहे, त्यांना एवढीच विनंती. आज ते पान फोनवर उघडा आणि सर्वांत वरच्या सूचनेतल्या एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर ठीक. न गेल्यास ते चित्र आहे. त्यातला मजकूर त्याच्याखाली टंकून ठेवा. चाळीस शब्दांना दहा मिनिटे लागतात.